आकडा जुळतो का, ते आधी

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, आरोग्य कर्मचाऱ्यांना नोंदींची संगणक प्रणाली शिकवण्यासाठी तू आखलेल्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचा सोबतचा आराखडाही वाचला. मेहनत दिसते. पण पहिला अख्खा दिवस तू मेनू आणि बटणं दाखवण्यात घालवणार आहेस, तो काढून टाक. बटणं पुढच्या आवृत्तीत जागा बदलतील. तू निघून गेल्यावर शिकायला आलेल्या परिचारिकेकडे काय उरेल, याचा विचार कर.

माझ्या मते तिच्याकडे एकच गोष्ट उरायला हवी: पडद्यावरचा आकडा खरा आहे का, हे तपासायची सवय आणि तो चुकीचा वाटला तर तसं म्हणायची हिंमत.

२०२० मधली इंग्लंडमधली घटना वर्गात जरूर सांग. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले कोविडचे १५,८४१ बाधित रुग्ण रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. प्रयोगशाळांची माहिती एक्सेलच्या जुन्या, 'एक्सएलएस' प्रकारच्या फाइलमध्ये घेतली जात होती. त्या फाइलच्या एका पानात ६५,५३६ ओळींपलीकडे काहीच मावत नाही, आणि एकेका रुग्णाच्या नोंदीला अनेक ओळी लागत होत्या. फाइल भरली आणि पुढच्या नोंदी गुपचूप गळून पडल्या. रुग्णांना त्यांचे निकाल मिळाले होते, पण त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध उशिरा सुरू झाला. म्हणजे काही दिवस कितीतरी माणसं आपल्याला लागण झाली असेल या कल्पनेशिवाय घराबाहेर वावरली. इथे एक्सेल येत नसलेलं कोणी नव्हतं. तिकडून किती नोंदी निघाल्या आणि इकडे किती पोचल्या, एवढी बेरीज रोज ताडून पाहिली असती तर हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं. तुला शिकवायचं आहे ते हेच.

म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यांना आपापली कागदी नोंदवही घेऊन बसव. मागच्या महिन्याच्या ओळी बोटाने मोजायला सांग आणि मग प्रणालीतल्या अहवालाशी ताडून बघायला सांग. आकडे सहसा जुळणार नाहीत. कुणाची एकच नोंद दोनदा गेलेली असेल, कुणाचा अहवाल उशिरा पोचलेला असेल, कुणाच्या तारखेत दिवस आणि महिना उलटे पडलेले असतील. फरक कुठे आहे ते शोधताना चाळणी लावणं, क्रम लावणं, नोंद दुरुस्त करणं हे सगळं आपोआप शिकून होतं, कारण आता ते कशासाठी हवं ते त्यांना ठाऊक असतं. याला अर्धा दिवस लागेल. लागू दे.

शून्य आणि रिकामी चौकट यांवर वेगळा वेळ दे. शून्य म्हणजे शोधलं आणि रुग्ण सापडला नाही; रिकामी चौकट म्हणजे आपल्याला काहीच माहीत नाही. पोलिओच्या सर्वेक्षणात रुग्ण नसला तरी 'शून्य' असा अहवाल पाठवावा लागतो तो यासाठीच. त्यातही एक पायरी पुढची आहे. १५ वर्षांखालच्या दर १ लाख मुलांमागे वर्षाला पोलिओखेरीज इतर कारणांनी अचानक लुळेपणा आलेला किमान १ रुग्ण सापडायलाच हवा, असा निकष आहे. एकही सापडला नाही, तर शोध नीट चाललेला नाही असं धरतात. मी हे पहिल्यांदा शिकवलं तेव्हा एक ज्येष्ठ परिचारिका बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे आमच्या कोऱ्या जागा वर शून्य म्हणून वाचल्या जात असतील." तोवर तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

तसंच १०० टक्क्यांच्या वर गेलेल्या लसीकरणाचं. आकडा पाहून ओरडू नको. छेदातली लोकसंख्या जुन्या अंदाजाची असेल, शेजारच्या भागातली मुलंही तिथे येत असतील. कारण त्या कर्मचाऱ्यांनाच ठाऊक असतं, त्यांना विचार.

सराव मात्र खऱ्या प्रणालीवर कधीच करून घेऊ नको. डीएचआयएस-२ (आरोग्याची आकडेवारी गोळा करायची संगणक प्रणाली) सारख्या प्रणालींची सरावासाठी वेगळी प्रत ठेवता येते. आम्ही एकदा घाई केली आणि आमचे काल्पनिक रुग्ण खऱ्या मासिक अहवालात जाऊन बसले. ते उपसून काढायला प्रशिक्षणापेक्षा जास्त दिवस गेले.

आणि कुणी अडलं की त्याच्या हातातला माउस घेऊ नको. हे फार अवघड जातं, मला अजूनही जातं. पण तू घेतलास की ती व्यक्ती पुढचा दिवसभर नुसती बघत बसते.

एकच पासवर्ड पाच जण वापरताना दिसतील. नियम सांगण्याआधी कारण विचार. बहुतेक वेळा नवं खातं मिळायला महिने लागतात म्हणून ते तसं करतात. ते खातं मिळवून देणं हाही तुझ्या कामाचाच भाग धर.

पर्यवेक्षकांना त्याच खोलीत बसव, वेगळ्या सत्रात नको. कनिष्ठाने "हा आकडा चुकलाय" म्हटलं तर काय करायचं, याचा सराव त्यांनाही हवा.

आराखडा बदललास की पुन्हा पाठव. तिसरा दिवस आत्ता घेऊ नको, सहा आठवड्यांनी घे, त्यांच्याच कामाच्या जागी. आणि नोंदवही सोबत आणायचं निमंत्रणातच लिही, नाहीतर निम्मे जण विसरतील.

तुझी,
ताई