दोन लहान मुलांना घेऊन रोज बाहेर पडताना बॅग हलकी कशी ठेवता?

तुम्ही लिहिलंय की धाकटी दीड वर्षाची, थोरला पहिलीत, रोज सकाळी पाळणाघर, शाळा आणि मग ऑफिस, आणि खांद्यावरची बॅग पाच किलोंच्या खाली येत नाही. कमी वस्तूंत भागवणारे पालक नेमकं काय वगळतात, हा तुमचा प्रश्न.

आमच्या घरीही साधारण हीच वयं आणि हाच क्रम आहे. राहायला कोथरूडला. थोरल्याची शाळा चालत जाण्याइतकी जवळ, त्याला बायको सोडते. धाकटीला मी स्कूटरवरून पाळणाघरात नेतो. खरं सांगायचं तर आमच्याकडे मिनिमलिझम वगैरे नंतर आलं, आधी पाठच शिल्लक राहिली नाही. नऊ महिने ते चार वर्षं वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना हेल्मेट आणि चालवणाऱ्याला जोडणारा सुरक्षा पट्टा हवा, असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. वेगाची मर्यादाही ताशी ४० किलोमीटर. पट्टा म्हणजे मुलीच्या अंगात जाकीट आणि त्याचे बंद आपल्या खांद्यांवर. मग सॅक लावणार कुठे? उरते सीटखालची डिकी आणि पुढचा हूक. त्यात मावेल तेवढंच न्यायचं, असं ठरवून टाकलं.

पण काय मावतं यापेक्षा काय न्यायचं हा प्रश्न अवघड आहे. बहुतेक जण बॅग भरताना "लागलं तर?" असं विचारतात. या प्रश्नाला अंत नाही, कारण लहान मुलाला काहीही लागू शकतं. मी विचारतो, "नसलं तर कुठे मिळेल?" याला उत्तर असतं. आमच्या वाटेवर मेडिकल पावलापावलावर आहेत, तिथे डायपरचं दोन-पाचचं छोटं पाकीट मिळतं. केळीवाला आहे, दूध आहे, बिस्किटं तर कुठेही. हे सगळं दुकानदार माझ्यासाठी सांभाळून बसलेत, मी कशाला वाहू? बॅगेत जातं ते वाटेत न मिळणारं: तिच्या मापाचा कोरडा कपड्यांचा एक जोड, पहिली गरज भागवायला एक डायपर, थोडं घरचं खाणं आणि पुसायला काहीतरी. झालं.

आता वजन. तुमची पाच किलोंची बॅग एकदा रिकामी करून एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. डायपर, झबलं, टोपी यांचं वजन फार भरत नाही, लोक मात्र तेच कमी करायला जातात. जड असतं ते पाणी आणि पाण्याचे नातेवाईक. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, वर बाटली वेगळी. अर्ध्या लिटरचा थर्मास रिकामाच ३०० ग्रॅमच्या आसपास भरतो. ओल्या वाइप्सचं मोठं पाकीट हेही बहुतांशी पाणीच. लोशन, सॅनिटायझर, सरबत, दुधाची बाटली, सगळं त्याच कुळातलं. आम्ही वाइप्स सात-आठच घेतो, झिपच्या छोट्या पाकिटात. पाणी एकच बाटली, पाव लिटरची, आणि जिथे पोचू तिथे भरून घ्यायची.

दुधाच्या बाटलीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमची मुलगी दीड वर्षाची आहे. बाटली एकटी येत नाही. तिच्यामागे ब्रश, गरम पाण्याचा थर्मास, पावडरीचा डबा आणि ती ठेवायची उबदार पिशवी येते. शिवाय पावडरीचं दूध कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवावं लागतं, म्हणजे घरून तयार करून नेण्यातही अर्थ नाही. या वयाचं मूल पेल्यातून पिऊ शकतं. बालरोगतज्ज्ञही साधारण वर्षानंतर बाटली सोडवाच म्हणतात. आमची सुटली तेव्हा घरात दोन-तीन रात्री रडारड झाली, पण बाटली सुटली आणि अर्धी बॅग सुटली. अंगावर पिणाऱ्या बाळाची तर गोष्टच वेगळी, सहा महिन्यांपर्यंत त्याला वरचं पाणीसुद्धा लागत नाही. मोठ्या एसटी स्थानकांवर त्यासाठी हिरकणी कक्ष असतात, प्रवासात विचारून बघा. काही ठिकाणी किल्ली कंट्रोलरकडून मागून घ्यावी लागते, तेवढा आग्रह धरायचा.

एकच वस्तू अशी आहे की जी कुठेही मिळत असली तरी मी घेतल्याशिवाय निघत नाही: पंचा. साधा, सुती, पातळ विणीचा, लाल काठाचा. टर्किश टॉवेल नको, तो जड होतो आणि ओला झाला की दिवसभर वाळत नाही. पंचा घडी केला की मुठीत मावतो आणि पंख्याखाली पटकन सुकतो. डायपर बदलताना खाली अंथरायला तोच. अजून कितीतरी ठिकाणी पुरुषांच्या स्वच्छतागृहात बाळ बदलायला साधी फळीसुद्धा नसते, तेव्हा बागेतल्या बाकावर किंवा स्कूटरच्या सीटवर पंचा पसरून काम उरकतो. जेवताना गळ्याभोवती लाळेरं, उन्हात डोक्यावर पांघरूण, झोपली तर अंगावर. चिखलात पडली तर एक टोक भिजवून पुसायचं, दुसऱ्या टोकाने कोरडं करायचं. चेंजिंग मॅट, बिब, नर्सिंग कव्हर आणि पातळ ब्लँकेट अशा चार वस्तू दुकानात वेगवेगळ्या विकायला असतात, आणि त्या चारही विकत घेणारे लोक मला भेटलेले आहेत.

खाण्यात कोरडं निवडा. वरणभात आणि दहीभात घरी उत्तम, डब्यात सांडतो. दशमी दुधात भिजवलेली असल्याने मऊ राहते आणि पाणी मागत नाही; राजगिऱ्याचा लाडू कुस्करून देता येतो; बिया काढलेला खजूर बारीक तुकडे करून. एक सावधगिरी: अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं या वयात देऊ नका, घशात अडकतात. थोरल्याच्या डब्यातले फुटाणे धाकटीच्या हाती लागतात, म्हणून आमच्याकडे बाहेर जाताना ते कोणालाच नाहीत.

आता थोडी फसवणूक. माझी बॅग हलकी आहे याचं एक कारण हे की सामान दुसरीकडे राहायला गेलंय. पाळणाघरात तिच्या नावाची पिशवी आहे: दोन जोड, डायपर, पेला, एक दुपटं. महिन्याकाठी माप बघून बदलतो. आजीकडे तसाच एक संच. स्कूटरच्या डिकीत एक डायपर आणि रिकामी प्लॅस्टिकची पिशवी कायम. काटेकोर मिनिमलिस्ट म्हणतील की यात वस्तू वाढल्या. वाढल्याच. पण मला कपाट रिकामं दाखवायचं नाहीये, खांदा मोकळा हवाय, आणि मुलांचे जुने कपडे आमच्या नात्यात इतके फिरतात की यासाठी विकत काही घ्यावं लागलं नाही.

पहिलीतल्या मुलाच्या दप्तराकडेही बघा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत धरलंय. पहिली-दुसरीसाठी ते १.६ ते २.२ किलो, आणि पूर्वप्राथमिकला दप्तरच नाही. कडक कवचाची, कार्टून उठवलेली दप्तरं रिकामीच त्यातला बराच भाग खातात. साधं कापडी दप्तर घ्या. शाळेत पिण्याचं पाणी चांगलं असेल तर बाटली अर्धी भरून द्या. आणि रविवारी रात्री दप्तर उलटं करा; आमच्याकडे दर वेळी दगड निघतात.

गावाबाहेर जाताना मात्र हा हिशेब बदलतो, कारण "कुठे मिळेल" याचं उत्तर बदलतं. सिंहगडावर जाताना मी खाणं जवळजवळ नेत नाही, वर पिठलं-भाकरी, ताक, मडक्यातलं दही सगळं आहे. कपडे मात्र दोन जोड, कारण ते वर मिळत नाहीत. मुळशीच्या पुढे ताम्हिणीच्या बाजूला गेलो तर मेडिकल मागे राहतं, म्हणून तेव्हा बॅग मुद्दाम जड करतो: जास्त पाणी, डॉक्टरांनी वजनानुसार लिहून दिलेलं तापाचं औषध आणि ओआरएस. ओआरएसचं पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते बघा. मोठं पाकीट २०.५ ग्रॅमचं, पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं, चिमूट-चिमूट अंदाजाने कालवायचं नसतं. लहान पुडी २०० मिलिलिटरची मिळते, मुलांसाठी तीच सोयीची. तेव्हा हलक्या बॅगेचा हट्ट धरणारा माणूस मला बेजबाबदार वाटतो.

माझी आई अजून म्हणते, "लेकराच्या सामानात कसली रे काटकसर?" तिच्याशी वाद घालत नाही. तिच्यासोबत निघालो की तिची पिशवी असतेच, आणि तिच्या पिशवीत सगळं असतं.

खेळणी नेत नाही. खडूचा एक तुकडा खिशात असतो, फरशी किंवा पायरी मिळाली की दोघांचा बराच वेळ जातो.

महागडी डायपर बॅग घ्यावी का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. नको. तिला दहा कप्पे असतात आणि रिकामा कप्पा माणसाला बघवत नाही. एका कप्प्याची, तिरकी अडकवायची कापडी बॅग पुरे. भिजलेले कपडे वेगळे ठेवायला आत एक प्लॅस्टिकची पिशवी. जूनमध्ये यात रेनकोट येतो आणि कोरडा जोड एकाचे दोन होतात. ते सप्टेंबरपर्यंत डिकीत ठेवून द्या.