पाठीतला रॉड किती वर्षं टिकतो?

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे. पाठीचा बाक (कणा बाजूला वळणं, म्हणजे स्कोलिओसिस) ५६ अंशांचा निघाला. डॉक्टरांनी स्क्रू आणि रॉड घालायला सांगितलंय. हे किती वर्षं टिकतं? पुढे बदलावं लागतं का? (एक आई, सांगली)

उत्तर : गुडघ्याचा कृत्रिम सांधा वापरून झिजतो, म्हणून त्याची वर्षं मोजतात. पाठीतल्या रॉडचा हिशोब वेगळा. ऑपरेशनमध्ये सर्जन मणक्यांमागचे छोटे सांधे खरवडतात, हाडाचा वरचा कठीण थर उकरतात आणि तिथे हाडाचा चुरा पसरतात. सहा महिने ते वर्षभरात ते मणके जुळून एकसंध हाड होतं. तोवर कणा सरळ धरून ठेवायचा, एवढंच रॉडचं काम. पुढचा भार ते हाडच पेलतं आणि रॉड आत नुसता राहतो. त्रास नसेल तर तो बदलत नाहीत, काढतही नाहीत.

हाड जुळलंच नाही तर मात्र साडेपाच-सहा मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा किंवा कोबाल्ट-क्रोमचा रॉडही प्रत्येक वाकण्या-उठण्यात किंचित लवत राहतो आणि तार उलटसुलट वाकवल्यावर तुटते तसा एक दिवस तुटतो. कोबाल्ट-क्रोम जास्त ताठ असतो, पण न जुळलेल्या हाडाची भरपाई कोणताच धातू करत नाही. कंपनी कुठली, गॅरंटी किती, यात फार वेळ घालवू नका.

या वयात ऑपरेशन झालेल्या मुलांपैकी ढोबळमानाने शंभरात ५ ते १० जणांना पुढच्या दहाएक वर्षांत पुन्हा टेबलावर जावं लागतं. जंतुसंसर्ग, चुकीच्या जागी बसलेला स्क्रू, न जुळलेलं हाड ही त्याची कारणं. आणखी एक कारण म्हणजे रॉडच्या टोकाखाली नव्यानं वाढलेला बाक. रॉड गरजेपेक्षा आखूड ठेवला तर बाक खाली सरकतो. उलट कमरेच्या चौथ्या मणक्यापर्यंत नेला तर हलायला मणक्यांमधल्या खालच्या दोनच चकत्या उरतात आणि चाळिशी-पन्नाशीत त्याच कुरकुरायला लागतात. तेव्हा सर्जनना हे नक्की विचारा : कुठल्या मणक्यापर्यंत जोडणार, आणि तिथेच का?

मणके न जोडता दोरीच्या ताणानं बाक सुधारणारी ‘टेदर’ पद्धत अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाली. तिच्यात कणा लवचिक राहतो, पण दोरी तुटण्याचं आणि पुन्हा ऑपरेशनचं प्रमाण जोडणीपेक्षा बरंच जास्त आहे. शिवाय ती मुलाच्या उरलेल्या वाढीवर चालते. मुलीची वाढ संपत आली असेल तर टेदरचा विचार सोडा.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी, वयाच्या ४७व्या वर्षी माझं ऑपरेशन झालं. परवाच्या एक्स-रेमध्ये एक रॉड तुटलेला दिसला. दुखत काहीच नाही. लगेच ऑपरेशन करावं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : घाई नको, दुर्लक्षही नको. इतक्या उशिरा तुटलेला रॉड बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगतो : त्या पातळीवर हाड जुळलेलं नाही. मोठ्या माणसांत हे जास्त होतं, विशेषतः कमरेचा शेवटचा मणका माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला मिळतो तिथे, कारण सगळ्या धडाचा भार तिथे एकवटतो. पातळ कापांचं सीटी स्कॅन करा. साध्या एक्स-रेत जुळलेलं आणि न जुळलेलं हाड नीट ओळखता येत नाही. उभं राहून काढलेला पूर्ण कण्याचा एक्स-रे ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक्स-रेशेजारी ठेवून बाक वाढलाय का, तेही मोजून घ्या.

बाक जागच्या जागी आणि दुखणं नाही, तर दर सहा महिन्यांनी एक्स-रे काढून थांबता येतं. दुसरा रॉडही तुटला, बाक वाढत गेला किंवा तुटलेलं टोक कातडीला टोचायला लागलं, तर मात्र ऑपरेशन. त्यात नुसता नवा रॉड बसवून घेऊ नका. जोड नव्यानं उकरून हाड भरायला हवं, नाहीतर तोही तुटेल.

त्याआधी हाड का जुळलं नाही याचा छडा लावा. तंबाखू हे मोठं कारण. सिगारेटच काय, मिश्रीतही निकोटीन असतंच. ‘ड’ जीवनसत्त्व आणि हाडांची घनता तपासा. कमी जोराचा, छुपा जंतुसंसर्गही असू शकतो. त्यात ताप येत नाही, रक्ताचे रिपोर्ट जवळपास नॉर्मल येतात. त्याचे जंतू इतके सावकाश वाढतात की ऑपरेशनमध्ये घेतलेले नमुने प्रयोगशाळेत १४ दिवस ठेवायला सांगावे लागतात.

प्रश्न : १९८३ साली मला हॅरिंग्टन रॉड बसवला. आता वय ५८. संध्याकाळपर्यंत पुढे वाकते, मांड्या भरून येतात. (एक वाचक, पुणे)

उत्तर : ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी मुळात पोलिओनं वाकलेल्या पाठींसाठी हा रॉड बनवला. वर-खाली दोन हुक आणि मध्ये ताण. बाक त्यानं सरळ व्हायचा, पण रॉड कमरेपर्यंत गेला असेल तर कमरेचा नैसर्गिक खळगाही सपाट व्हायचा. मग तोल सावरायला माणूस गुडघे थोडे वाकवून उभा राहतो आणि मांड्या थकतात. रॉडखालच्या चकत्या झिजल्या की हे वाढतं. गुडघे ताठ ठेवून बाजूनं पूर्ण कण्याचा एक्स-रे काढा. आधी नितंबांचे आणि मांड्यांचे व्यायाम, खाली नस दबत असेल तर तिचा इलाज. मणक्यातून पाचर कापून एका ठिकाणी ३० अंशांच्या आसपास खळगा परत मिळवता येतो, पण ते ऑपरेशन मोठं, रक्तस्राव बराच, नसांना धोका. चालणं-फिरणं खरोखर अडलं असेल तरच त्या वाटेला जा.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाला वाढणारा रॉड सुचवलाय. तो कायमचा का? (एक बाबा, बेळगाव)

उत्तर : नाही. यात पुन्हा ऑपरेशन ठरलेलंच असतं. साधा वाढणारा रॉड साधारण दर सहा महिन्यांनी भूल देऊन लांबवतात. चुंबकानं बाहेरून लांबवायच्या रॉडमध्ये त्या भुली टळतात, पण आतली यंत्रणा झिजून धातूचा काळा चुरा पडतो, कधी रॉड लांबायचाच थांबतो. ब्रिटनमध्ये २०२० साली त्याचा पुरवठा थांबवला गेला होता. दोन्हींत वाढ पुरेशी झाली की शेवटी बहुतेकांची जोडणी करावी लागते.

प्रश्न : रॉड असताना एमआरआय आणि बाळंतपण? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : टायटॅनियमच्या नेहमीच्या रॉडवर एमआरआय होतो, फक्त धातूजवळचं चित्र पुसट येतं. चुंबकाच्या रॉडचं मात्र आधी सांगायलाच हवं. नैसर्गिक बाळंतपणाला रॉडमुळे अडचण नाही. कमरेतून भूल देणं अवघड जाऊ शकतं, म्हणून सातव्या महिन्यातच भूलतज्ज्ञांना एक्स-रे दाखवा. ऑपरेशनची नोंद आणि इम्प्लांटचे स्टिकर डिस्चार्जच्या वेळी मागून घ्या आणि जपून ठेवा : प्रत्येक कंपनीचा स्क्रू फिरवायचा पाना वेगळा असतो, आणि वीस वर्षांनी स्क्रू काढायची वेळ आली तर नेमका कोणता मागवायचा हे सर्जनना त्यावरूनच कळतं.