३.१० लिहिलं, पण बिल्ड शोधतं ३.१

प्रश्न : आमचा पायथनमधला मुक्तस्रोत प्रकल्प गिटहबवर आहे. अ‍ॅक्शन्सच्या म्हणजे चाचण्या आपोआप चालवणाऱ्या सोयीच्या फाइलमध्ये पायथनची आवृत्ती म्हणून ३.९ लिहिलं की चाचण्या चालतात, ३.१० लिहिलं की ‘३.१ सापडत नाही’ म्हणून बिल्ड थांबतं. असं का?

उत्तर : आवृत्ती अवतरणचिन्हांशिवाय लिहिली आहे. यामल, म्हणजे त्या फाइलची लेखनपद्धत, तिला दशांश संख्या समजतं आणि शेवटचं शून्य गळून पडतं. मॅट्रिक्समधल्या, म्हणजे चाचणीसाठी दिलेल्या यादीतल्या, सगळ्याच आवृत्त्या अवतरणात घाला. त्याच फाइलमध्ये स्ट्रॅटेजी या भागाखाली फेल-फास्ट फॉल्स करा. एरवी एक आवृत्ती पडली की बाकीच्या चाचण्या रद्द होतात आणि दोष नेमका कुठे, ते कळत नाही.

फोर्कमधून (दुसऱ्याने घेतलेल्या प्रतीतून) आलेल्या पुल रिक्वेस्टला (बदल सामावून घेण्याच्या विनंतीला) सिक्रेट्स (प्रकल्पात साठवलेले पासवर्ड वगैरे) मिळत नाहीत, म्हणून पासवर्ड लागणाऱ्या चाचण्या वेगळ्या ठेवा. ती अडचण टाळायला सिक्रेट्स मिळवून देणारं पुल-रिक्वेस्ट-टार्गेट लावून परका कोड मात्र चालवू नका, कळकळीने सांगतो. किल्ल्याच हातात दिल्यासारखं होईल.