फेलनी टळली तरी व्हिसाचं काय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

माझी मुलगी न्यू जर्सीत एमएस करते. दुकानात सेल्फ चेकआऊटवर ३८ डॉलरच्या दोन वस्तू स्कॅन झाल्या नाहीत आणि पोलिसांनी समन्स हातात दिलं. ही फेलनी (गंभीर गुन्हा) आहे का? दंड भरून मोकळं व्हावं का? (एक आई, नाशिक)

ताई, फेलनी नाही. न्यू जर्सीच्या फौजदारी कायद्यात गुन्ह्यांची वर्गवारी ‘फेलनी’ या शब्दाने होतच नाही. तिथे चार पायऱ्यांचे ‘क्राइम’ असतात आणि त्यांच्याखाली ‘डिसऑर्डरली पर्सन्स’ प्रकारचे गुन्हे. दुकानातून उचललेला माल २०० डॉलरच्या आत असेल तर गुन्हा या खालच्या प्रकारात मोडतो. तो म्युनिसिपल कोर्टात चालतो आणि जास्तीत जास्त शिक्षा सहा महिने.

पण ‘दंड भरून मोकळं’ हे तेवढं करू नका. त्या कोर्टात ट्रॅफिकची तिकिटं मिळालेले लोक आणि ही मुलं एकाच बाकावर बसलेली असतात. नाव पुकारलं जातं, प्रॉसिक्युटर (सरकारी वकील) दोन मिनिटांत तोडगा सुचवतो, पोरगी घाबरून मान हलवते. न्यायाधीश तोंडी उत्तर मागतात, ती ‘गिल्टी’ म्हणते. खटला तिथे संपतो, पण चोरीची कबुली नोंदली जाते. ‘कंडिशनल डिसमिसल’ नावाची सवलतही नीट समजून घ्या. त्यात वर्षभर नीट वागलं की आरोप रद्द होतो, पण आत शिरायला बहुतेकदा आधी गुन्हा कबूल करावा लागतो. राज्याच्या दृष्टीने आरोप गेला, तरी इमिग्रेशनच्या दृष्टीने ती कबुली म्हणजे दोषसिद्धीच. जुलै २०२५ मध्ये भारतातल्या अमेरिकी दूतावासाने जाहीर इशारा दिला होता की चोरीसारख्या गुन्ह्याने व्हिसा रद्द होऊ शकतो.

चोरी ठरायला हेतू लागतो. वस्तू चुकून राहिली असेल तर तोच तिचा बचाव आहे. बाकीच्या मालाची पावती आणि कार्डाचं स्टेटमेंट आजच जपून ठेवायला सांगा. दुकानाच्या मागच्या खोलीत तिने कुठल्या कागदावर सही केली का, तेही विचारा. ते उत्तर वकिलाला पहिल्या भेटीतच हवं असतं.

फेलनी म्हणजे आपल्याकडचा दखलपात्र गुन्हा का? ‘क्लास’ आणि ‘डिग्री’ यांत गोंधळ होतो. (कायद्याचा विद्यार्थी, पुणे)

नाही. दखलपात्र म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा. फेलनी ठरते ती शिक्षेवरून. ज्या गुन्ह्याला एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकते, तो साधारणपणे फेलनी. प्रत्यक्षात किती झाली याने वर्ग बदलत नाही. केंद्रीय कायद्यात ए ते ई असे पाच वर्ग आहेत: ‘ए’ला जन्मठेप किंवा मृत्युदंड, ‘ई’ला एक वर्षाहून जास्त पण पाच वर्षांच्या आत.

राज्यांचं गणित मात्र प्रत्येकाचं वेगळं. १,२०० डॉलरचा फोन चोरला तर न्यूयॉर्कमध्ये फेलनी, कारण तिथली रेषा १,००० डॉलरची. टेक्सासमध्ये तोच मिसडिमीनर (फेलनीपेक्षा सौम्य गुन्हा), कारण तिथे रेषा २,५०० डॉलरला. कॅलिफोर्नियात ९५० डॉलर. आणि किंमत हाच एक निकष नाही. न्यूयॉर्कमध्ये क्रेडिट कार्ड चोरलं तर त्यावर एक पैसा खर्च केला नसला तरी फेलनी. तिथे डिग्री उलटी वाचायची: फोर्थ डिग्री ग्रँड लार्सनी (मोठी चोरी) सर्वांत सौम्य, फर्स्ट डिग्रीला दहा लाख डॉलरच्या वर.

दुकानाने पैसे घेतले आणि आता तक्रार चालवायची नाही म्हणतात. केस संपली ना? (एच-१बी धारक, डॅलस)

संपली नाही. आपल्याकडे चोरीत मालक तडजोड करू शकतो, त्यामुळे आपली तशी समजूत असते. अमेरिकेत खटला राज्य चालवतं आणि तो सोडायचा की नाही हे प्रॉसिक्युटर ठरवतो. दुकानाच्या वकिलांकडून नुकसानभरपाईचं पत्र येतं, ती दिवाणी बाब. ती रक्कम भरल्याने फौजदारी आरोप मिटत नाही.

माझ्या भावाकडे ग्रीन कार्ड आहे. वकील म्हणतो, फेलनी टाळून मिसडिमीनर मिळवून देतो. मग चिंता नको ना? (एक वाचक, ठाणे)

दादा, चिंता इथेच करायची आहे. इमिग्रेशन कायद्याचा शब्दकोश स्वतंत्र आहे. त्यात ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’ असा एक वर्ग आहे. चोरीला एक वर्षाची शिक्षा सुनावली गेली की गुन्हा त्यात बसतो, मग राज्य त्याला मिसडिमीनर म्हणो, किंवा शिक्षा स्थगित होऊन माणूस एक रात्रही तुरुंगात न जावो. पुढचा रस्ता मायदेशी परत पाठवण्याचा. यामुळेच कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये आणि न्यूयॉर्कने २०१९ मध्ये मिसडिमीनरची कमाल शिक्षा ३६५ वरून ३६४ दिवसांवर आणली. त्या एका दिवसावर कितीतरी संसार टिकले आहेत, म्हणून मी अशिलांना आकडा दिवसांत विचारायला सांगते.

अशा चोऱ्या बहुधा नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यांत मोजल्या जातात. वेगवेगळ्या प्रसंगांतले असे दोन गुन्हे सिद्ध झाले तर शिक्षा कितीही छोटी असो, हद्दपारीचं कारण तयार होतं.

२०१० च्या पॅडिला विरुद्ध केंटकी निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कबुलीमुळे हद्दपारीचा धोका असेल तर फौजदारी वकिलाने अशिलाला तो सांगितलाच पाहिजे. भावाने कबुलीच्या आधी वकिलाकडून हे ईमेलवर लिहून घ्यावं, आणि तोच मसुदा इमिग्रेशन वकिलाला दाखवावा.

केस रद्द होऊन रेकॉर्डही मिटवलं आहे. व्हिसा फॉर्ममध्ये ‘नाही’ लिहू का? (एक वाचक, कोल्हापूर)

मुळीच नाही. फॉर्म फक्त दोषसिद्धीबद्दल विचारत नाही, अटकेबद्दलही विचारतो, आणि माफी मिळाली असली तरी सांगा असं म्हणतो. बोटांचे ठसे घेतले गेले असतील तर ते अधिकाऱ्याला दिसू शकतात. ३८ डॉलरची गोष्ट बहुतेकदा समजावून सांगता येते. खोटं उत्तर पकडलं गेलं तर मात्र प्रवेशबंदी कायमची होऊ शकते. ‘हो’ लिहा, आणि कोर्टाच्या निकालाची शिक्क्याची प्रत मुंबईच्या मुलाखतीला सोबत न्या. ज्यांचं रेकॉर्ड अजून मिटायचं आहे, त्यांनी ती प्रत आधीच काढून ठेवावी. नंतर मिळवणं फार अवघड जातं.