जहाज बुडताना ‘बायका-मुलं आधी’ हा नियम पूर्वी खरंच पाळायचे का?

पाळून घेणारा कोणी असेल तर पाळायचे. १८५२ साली ‘बर्कनहेड’ या ब्रिटिश फौजेच्या जहाजावर पाळला, कारण वर सैनिक होते आणि तसा हुकूम होता. दोनच वर्षांनी ‘आर्क्टिक’ बुडाली, तिच्यातली एकही बाई वाचली नाही, एकही मूल नाही.

कॉलिन्स लाइनची ही चाकांची लाकडी आगबोट, न्यूयॉर्क-लिव्हरपूल. सरकारी टपालाचा पैसा, त्यामुळे धुकं असो नसो, वेग सोडायचा नाही. २७ सप्टेंबर १८५४ ला न्यूफाउंडलंडजवळ ‘वेस्टा’ नावाची छोटी फ्रेंच बोट आदळली. कॅप्टन ल्यूसला वाटलं तीच बुडतेय, म्हणून पहिला अधिकारी होडीतून तिकडे पाठवला. मग कळलं, पाणी आपल्याच पोटात शिरतंय. किनारा गाठायला निघाले, तर वाटेत भट्ट्या विझल्या. माणसं चारशेच्या आसपास, होड्या सहा, दोनशेसुद्धा मावणार नाहीत. कायद्याला तेवढ्या चालत होत्या! खलाशांनीच होड्या पळवल्या. खुद्द मालक कॉलिन्सची बायको आणि दोन मुलं गेली. वेस्टा मात्र लोखंडी, आत पाणी अडवणाऱ्या आडव्या भिंती. ती तरंगत सेंट जॉन्सला पोचली.

हे मला पहिल्यांदा ऐकवलं आमच्या बोटीवरच्या चीफ ऑफिसरने, तेही मेसमध्ये, सगळ्यांसमोर. मी तेव्हा थर्ड इंजिनिअर. आमचं बोट ड्रिल म्हणजे लाइफजॅकेट अडकवून उभं राहायचं, रजिस्टरात सही, की चहा. होडी खाली सोडायच्या खांबांची, म्हणजे डेव्हिटची, वायर कोरडी ठणठणीत, ब्रेक गंजलेला. एकदा होडी पाण्यात सोडून बघू, एवढंच मी म्हटलं. तर म्हणे, ‘तीनसाब, आप इंजन संभालो. आर्क्टिक पे सबसे पहले इंजनवाले ही भागे थे.’

तिथला चीफ इंजिनिअर आपली माणसं घेऊन होडीतून सटकला, हे खरंच आहे. पण डेकवाले काय मागे थांबले होते? बुडेपर्यंत मदतीसाठी तोफ उडवत राहिला तो स्ट्युअर्ट हॉलंड, तो इंजिनातलाच शिकाऊ पोरगा. त्याचं नाव साहेबांना ठाऊक नव्हतं.

बाकी ल्यूसला भेकड म्हणू नका. तो बोटीबरोबर खाली गेला, वर आला. चाकावरची पेटी उसळून त्याच्या मुलावर आदळली आणि मुलगा त्याच्यासमोर गेला. त्याच पेटीवर तरंगत तो वाचला.

तुम्ही क्रूझवर जाणार असाल तर नियम विचारू नका, होडी शेवटची पाण्यात कधी उतरवली ते विचारा. डेकवाला पुटपुटायला लागला तर खाली इंजिनात या.