इंजिन बदलायचं की नाही?

प्रश्न : दादा, मी पहाटे कळमना मार्केटमधून छोट्या डिझेल व्हॅनने भाजी आणते. गाडी चढावर दम सोडते, दुपारी तापून बंद पडते. मेकॅनिक म्हणतो, दुसरं जुनं इंजिन बसवू. बसवू का?

उत्तर : ताई, घाई करू नका. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो. तेव्हा चोंदलेल्या रेडिएटरमुळे किंवा मंदावलेल्या पंख्यामुळेही गाडी बंद पडते. आधी तेवढं तपासा. मग प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा दाबली जाते तो दाब, मोजून घ्या, तेही तुमच्यासमोर. ते कमी आलं आणि सायलेन्सरमधून निळसर धूर निघत असला, तर रिंगा-पिस्टन झिजलेत. मग बदलण्याचा विचार करा. पांढरा धूर येतो, रेडिएटरचं पाणी कमी होतं, तर बहुधा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग आणि खालचा ब्लॉक यांमधलं पॅकिंग, गेलंय. तेवढ्यासाठी अख्खं इंजिन काढायला माझा ठाम विरोध आहे.

बदलायचंच ठरलं, तर त्याच मॉडेलचं इंजिन घ्या. बिलाशिवाय मुळीच नाही, आणि बिलावर इंजिन नंबर हवाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार या बदलाला आरटीओची मंजुरी लागते, नवा नंबर आरसीवर चढवावा लागतो. विमा कंपनीलाही कळवा. नंबर जुळला नाही, तर दावा अडकू शकतो. आणि बसवण्याआधी डिझेलची टाकी धुऊन घ्या, फिल्टर नवा टाका.