उथळ समुद्रातली प्रवाळं मेली, तर खोलवरची प्रवाळं त्यांची जागा घेतील का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. 30-40 मीटरच्या खाली, जिथे उजेड जेमतेम पोहोचतो, तिथे प्रवाळं जगतात कशी? आणि तापमानवाढीने वरची प्रवाळं मेली, तर ही खालची त्यांची उणीव भरून काढतील का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: फार थोडी, आणि तीही सगळीकडे नाही. मी सागरी जीवशास्त्र शिकलो तेव्हा खोलवरची प्रवाळं म्हणजे पेरणीसाठी राखून ठेवलेली बियाण्याची कणगी, अशी कल्पना रूढ होती. वर दुष्काळ पडला तरी खालून बियाणं येईल. ही आशा मलाही प्रिय होती, पण गेल्या काही वर्षांतल्या अभ्यासांनंतर ती तशीच धरून ठेवता येत नाही.

आता उजेडाचं. बहुतेक खडक बांधणाऱ्या प्रवाळांच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहतं आणि प्रवाळाचं बरंचसं अन्न तेच बनवतं. पाण्यात उतरताना लाल रंग पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो, निळा सर्वांत खोल जातो. अगदी नितळ समुद्रातही 100 मीटरवर पृष्ठभागावरच्या उजेडाचा साधारण एखादाच टक्का उरतो. तेवढ्यावर भागवायचं तर शरीराची ठेवणच बदलावी लागते. म्हणून तिथे फांद्यांची दाट झुडपं दिसत नाहीत, पातळ, पसरट तबकं दिसतात. एकही भाग दुसऱ्याच्या सावलीत नको आणि सांगाड्यावर चुना कमीत कमी खर्च व्हायला हवा. लेप्टोसेरिस या प्रजातीगटाने हे फार छान साधलं आहे. हवाईत माउई आणि लानाई या बेटांमधल्या आउआउ सामुद्रधुनीत त्याची अंथरुणंच्या अंथरुणं पसरलेली आहेत. फ्रेंच पॉलिनेशियातल्या गॅम्बिए बेटांजवळ तर लेप्टोसेरिस हवाईएन्सिस 172 मीटरवर सापडलं. शैवालाच्या आधाराने जगणारं इतक्या खोलीवरचं प्रवाळ त्याआधी नोंदलं गेलं नव्हतं.

लाल समुद्राच्या टोकाला, एलाटजवळ, 45 मीटरच्या आसपास आणखी एक गोष्ट आढळली. तिथली काही प्रवाळं निळा उजेड शोषून हिरवी-नारिंगी चमकतात. इस्रायली संशोधकांनी प्रयोग करून पाहिलं, तर बारीक कोळंबीवर्गीय जीव त्या चमकेकडे ओढले जातात. उजेडावर पोट भरत नसेल तर भक्ष्यच जवळ बोलवायचं! मला हा सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर शोध वाटतो.

या पट्ट्याबद्दल इतकी वर्षं माहिती कमी का होती, याचं कारण साधं आहे. हौशी डायव्हिंगची मर्यादा 40 मीटर. मीही त्याखाली गेलेलो नाही. लक्षद्वीपमध्ये खडकाच्या कडेवरून खाली उतरत जाणारा निळा उतार तेवढा पाहिला आहे. पाणबुड्या बहुधा याहून खूप खोल पाठवल्या जात. मधला भाग सुटला. होनोलुलूच्या बिशप म्युझियमचे रिचर्ड पाइल यांच्यासारखे लोक हेलियममिश्रित वायू आणि रीब्रीदर, म्हणजे सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारं उपकरण, घेऊन तिथे उतरू लागले, तेव्हा प्रत्येक मोहिमेत नवे मासे हाती लागायला लागले. तळाशी काही मिनिटं काढायची आणि वर येताना काही तास मोजायचे, असं हे काम आहे. हवाई द्वीपमालिकेच्या टोकाला क्युरे बेटाजवळ सुमारे 90 मीटरवर नोंदलेला प्रत्येक मासा फक्त त्याच द्वीपमालिकेत आढळणारा निघाला.

कणगीची कल्पना इथेच डळमळते. खालची वस्ती ही वरच्या वस्तीची नक्कल नाही. 2018 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ लुईझ रोशा आणि सहकाऱ्यांनी अटलांटिक व पॅसिफिकमधल्या खडकांची तुलना केली, तेव्हा खोलीबरोबर प्रवाळं आणि मासे दोन्ही बदलत जातात, वर आणि खाली सारख्या प्रजाती थोड्याच, असं दिसलं. प्रजात एकच असली तरी खात्री नाही. ग्रेट बॅरिअर रीफवर सेरिएटोपोरा हिस्ट्रिक्स या प्रवाळाचे उतारावरचे वरचे आणि खालचे गट जनुकीयदृष्ट्या वेगळे निघाले, आणि तिथे फरक जेमतेम वीस-पंचवीस मीटरांचा होता.

शिवाय खाली सगळं सुरक्षित आहे, हेही खरं नाही. 2019 मध्ये आपल्याकडे पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला होता, आठवत असेल. त्याला हातभार लावणारी हिंदी महासागरातली तापमानाची स्थिती, म्हणजे इंडियन ओशन डायपोल, त्या वर्षी फार तीव्र होती. तिच्यामुळे चागोस द्वीपसमूहाजवळ कोमट पाण्याचा थर नेहमीपेक्षा खूप खाली दबला. एग्माँट कंकणद्वीपाजवळ खोलवरचं पाणी 22 अंशांवरून 29 अंशांपर्यंत तापलं आणि 90 मीटरपर्यंतची प्रवाळं पांढरी पडली, म्हणजे उष्णतेने त्यांच्यातलं शैवाल निघून गेलं. वरची मात्र त्या वेळी ठीक होती! पाण्याखालच्या रोबोच्या कॅमेऱ्यांमुळे हे कळलं, नाहीतर कुणाला पत्ताही लागला नसता. पुढच्या पाहण्यांत बरीचशी प्रवाळं सावरलेली दिसली, म्हणजे ती चिवट आहेत. पण उष्णता वरूनच येते आणि खोल पाणी वाचवतं, हा हिशोब दरवेळी लागू पडत नाही.

माणसाचा कचराही तिथे पोहोचलाच आहे. 2023 मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलेल्या मोठ्या पाहणीत प्लास्टिक आणि इतर कचरा उथळ खडकांपेक्षा याच मधल्या पट्ट्यात जास्त सापडला, आणि त्यात बहुतांश मासेमारीची जाळी, दोर वगैरे होते.

म्हणून माझं मत असं, की खोल प्रवाळांना वरच्यांचा साठा म्हणून नाही, तर त्यांच्या स्वतःसाठी संरक्षण मिळायला हवं. आपल्याजवळचं उदाहरण आंग्रिया बँकचं. सिंधुदुर्ग किनाऱ्यापासून साधारण 100 किलोमीटर आत बुडालेलं हे पठार, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याचा माथाच सुमारे 20 मीटर पाण्याखाली आहे आणि कडा शेकडो मीटर खोल उतरतात. तिथे संरक्षणाची रेषा आखायची वेळ येईल, तेव्हा ती माथ्यावरच्या प्रवाळांभोवती आखून थांबू नये, उतारही तिच्या आत घ्यावेत.